चार शब्दांत एक शब्द अडतो तेव्हा

एका मैत्रिणीचं पत्र आलंय. वय सव्वीस, गाव खानापूर तालुक्यातलं, दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा, सध्या बेळगावात एका खासगी दवाखान्यात नोकरी. नर्स म्हणून जर्मनीला जायचं ठरवून तिनं जर्मनचा ऑनलाइन क्लास लावला, बी१ ही मधल्या पातळीची परीक्षा पास केली, आता तिच्या वरच्या बी२ची तयारी चालू आहे. रोज जर्मन बातम्या वाचायच्या असं क्लासच्या मॅडमनी सांगितलंय. ती ड्युटीवरून परतताना बसमध्ये मोबाईलवर वाचते. अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की इंग्रजी अर्थ येतो, पुष्कळदा तो इंग्रजी शब्दही कळत नाही, मग त्याचा मराठी अर्थ. एका बातमीला तास जातो. वहीत शेकडो शब्द उतरवलेत, आठवतात मोजकेच. मॅडम म्हणतात, ‘शब्दकोश उघडूच नकोस, अंदाजानं वाच.’ दादा म्हणतो, ‘अख्खं पान मराठीत करून घे की, फोन करतो.’ क्लासमधल्या इंग्रजी माध्यमाच्या मुली भराभर वाचतात. ‘अक्का, शब्द बघू की नको? का मराठी माध्यमामुळं मला भाषाच जमत नाही?’ असं ती विचारते.

प्रिय मैत्रिणी,

‘चार शब्दांतला एक तरी अडतोच’ असं तू सहज लिहून गेलीस, पण माझ्या मते अख्ख्या पत्रातली महत्त्वाची माहिती तीच आहे. मॅडम, दादा आणि तू, तिघांचाही वाद शब्दकोश उघडावा की नाही यावर चाललाय. वाचायला घेतलेला मजकूर कोणता, हे कुणी विचारत नाही.

न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन आणि त्यांच्या सहकारी हू यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी एक गोष्ट वाचायला दिली. कुणाच्या मजकुरात किती शब्द अनोळखी राहतील हे मुद्दाम ठरवलेलं होतं. ज्यांना शंभरांतले वीस शब्द अनोळखी होते, त्यांच्यातल्या एकालाही ती गोष्ट पुरेशी कळली नाही. कुणाची मदत न घेता नीट समजायचं तर शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. म्हणजे पन्नास शब्दांत एक अडला तर चालतं. हा हिशेब इंग्रजीचा आहे, जर्मनमध्ये तो थोडा इकडंतिकडं होईल. पण तुझे पन्नासात बारा-तेरा शब्द अडतायत. तिथं शब्दकोश उघडून दमशील आणि न उघडता काही कळणार नाही.

मॅडमचा सल्ला मुळात चुकीचा नाही. अंदाज जरूर बांधावा, पण तो शेजारच्या शब्दांच्या आधारानं बांधतात. शेजारचेही परके असले तर कशाच्या जोरावर बांधायचा? बी१च्या पातळीसाठी ग्योटे इन्स्टिट्यूटनं, म्हणजे जर्मन शिकवणाऱ्या आणि या परीक्षा घेणाऱ्या संस्थेनं, जी शब्दयादी दिली आहे ती साधारण २,४०० शब्दांची आहे. मोठ्यांसाठी लिहिलेली राजकारणाची किंवा अर्थकारणाची बातमी त्या यादीत मावत नाही. ती अडली यात तुझ्या बुद्धीचा काही दोष नाही.

म्हणून आधी मजकूर बदल. डॉइचलांडफुंक या जर्मन रेडिओची ‘नाखरिश्टनलाइश्ट’ नावाची सेवा आहे. त्याच आठवड्यातल्या बातम्या ते सोप्या जर्मनमध्ये देतात आणि अवघड शब्द तिथंच समजावून सांगतात. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचं ‘टॉप-टेमा’ हे सदर बी१वाल्यांसाठीच आहे. त्यात मजकुराखाली कठीण शब्दांचे अर्थ साध्या जर्मनमध्ये असतात आणि ऐकायलाही मिळतं. त्यांच्याच ‘सावकाश वाचलेल्या बातम्यां’च्या नावाला मात्र पुष्कळजण फसतात. तिथं निवेदक सावकाश वाचतो एवढंच, भाषा बातमीचीच असते. त्या बी२ जवळ आल्यावर घे.

सोपं वाचायला कमीपणा वाटेल. रात्रपाळीला आयसीयू सांभाळणारी बाई मी, आणि लहान मुलांसारखी वाक्यं वाचू? वाच. शंभर शब्द मोजून घ्यायचे आणि अडले त्यांच्यावर टिंब द्यायचं. अठ्ठ्याण्णवचा हिशेब बिनमदतीचा होता, तुला नंतर कोश बघायचाच आहे, म्हणून पाच-सहा टिंबं चालतील. त्याहून जास्त पडली तर तो मजकूर आज ठेवून द्यायचा. ही मोजणी दोन मिनिटांची आहे आणि पुढचा तास वाचवते.

आता शब्द बघण्याकडं येते. बघायचे, जरूर बघायचे. पण जर्मनची घडण अशी आहे की शब्द दिसला की लगेच बोट ठेवलं तर फोन चुकीचाच अर्थ देण्याची शक्यता मोठी. एक उदाहरण तुझ्याच वॉर्डातलं देते. ‘डेर हूस्टन ह्योर्ट निश्ट आउफ.’ हूस्टन म्हणजे खोकला. ‘ह्योर्ट’वर बोट ठेवलंस तर ‘ऐकतो’ असा अर्थ येईल. खोकला ऐकत नाही! गंमत म्हणजे मराठीत हे वाक्य चक्क चालून जातं, त्यामुळं चुकल्याचा संशयही येणार नाही. खरं क्रियापद शेवटच्या ‘आउफ’सकट आहे, ‘आउफह्योरेन’, म्हणजे थांबणे. खोकला थांबत नाही, एवढंच ते वाक्य सांगतंय. जर्मनमध्ये अशी तुटणारी क्रियापदं ढिगानं आहेत. अर्धं क्रियापद वाक्यात वर बसतं आणि त्याचा तुकडा पार शेवटी पडलेला असतो.

तेव्हा पूर्णविराम येईपर्यंत शब्दाला हात लावायचा नाही. क्लासमधल्या ज्या मुलींचा तुला हेवा वाटतो, त्यांना हे तुझ्यापेक्षा जड जात असेल असं मला वाटतं, कारण इंग्रजीत क्रियापद कर्त्यापाठोपाठ हजर होतं. आपण मराठीत जन्मभर क्रियापदाची वाट बघत बोलत आलो. ‘मी काल दवाखान्यातून आल्यावर तुझ्या दादाला ते पैसे’ इथवर ऐकलं तरी दिले की मागितले ते शेवटीच कळतं. कन्नडही तशीच. जर्मनच्या गौणवाक्यात क्रियापद शेवटाला जातं तेव्हा बिचकू नकोस, ते थांबणं तुझ्या सवयीचंच आहे.

दुसरी अडचण लांबलचक शब्दांची. फोनला तो शब्द सापडत नाही किंवा भलताच अर्थ दाखवतो. इथं मात्र तुझ्या मराठी माध्यमाचा थेट उपयोग आहे. शाळेत तत्पुरुष समास घोकला असशील, दुसरं पद प्रधान. जर्मन जोडशब्द बहुतेक त्याच चालीनं चालतात. ‘क्रांकनहाउस’ म्हणजे आजाऱ्यांचं घर, रुग्णालय. ‘क्रांकनवागन’ म्हणजे रुग्णवाहिका. ‘क्रांकनफेरझिशरुंग’ म्हणजे आरोग्य विमा. तिन्हीत सुरुवातीचा भाग एकच. म्हणून अडलेल्या लांब शब्दाचं शेवटचं पद आधी शोध, वस्तू कोणती ते कळेल. मग सुरुवातीचं पद बघ, कुणाची किंवा कशाची ते कळेल. अख्ख्या शब्दाचं लिंगही शेवटचं पदच ठरवतं: डास हाउस म्हणून डास क्रांकनहाउस, डेर वागन म्हणून डेर क्रांकनवागन.

लिंगावरून पत्रातल्या आणखी एका गोष्टीकडं येते. जर्मन शब्दाचा अर्थ तू इंग्रजीत बघतेस आणि इंग्रजीचा मराठीत. यात वेळ जातो हे खरं, पण त्याहून मोठं नुकसान वेगळंच आहे. जर्मनला तीन लिंगं आहेत, मराठीलाही तीन. वाटेत इंग्रजी आली की ‘द’च्या एका शिक्क्याखाली तिन्ही गडप होतात. जर्मनमध्ये ‘डू’ आणि ‘झी’, आपल्याकडं तू आणि तुम्ही, कन्नडमध्ये नीनु आणि नीवु. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. ऐंशी वर्षांच्या अनोळखी आजोबांना तिथल्या वॉर्डात ‘डू’ म्हणालीस तर त्यांना कसं वाटेल हे तुला कुणी समजावून सांगायला नको. म्हणून वहीत जर्मन शब्दासमोर इंग्रजी न लिहिता सरळ मराठी लिही आणि नामाआधी डेर, डी, डास न चुकता लाव. लिंगं तीन असली तरी आपली आणि त्यांची जुळतीलच असं नाही, तेवढं ध्यानात ठेव. घर दोन्हीकडं नपुंसक आहे, पण आपली गाडी स्त्रीलिंगी, त्यांची पुल्लिंगी, आणि आपला विमा त्यांच्याकडं स्त्रीलिंगी.

इंग्रजी अगदीच टाकून दे असं मात्र मी म्हणणार नाही. इन्फेक्शन, थेरपी, डायबेटिस असे शब्द तुझ्या रोजच्या तोंडात आहेत आणि जर्मनमध्ये ते थोडासा वेष बदलून भेटतात. ते फुकट मिळालेत, घे. साध्या शब्दांसाठी अर्थ आधी जर्मनवरून थेट मराठीत करून बघ आणि शंका आली तरच इंग्रजीकडं जा. ‘लिओ’ किंवा ‘डिक्ट डॉट सीसी’ हे जर्मन-इंग्रजी कोश चांगले आहेत, पण एका शब्दाला ते दहा-बारा अर्थ दाखवतात. पहिला दिसला तो उचलायचा नाही. हातातल्या वाक्यात कोणता बसतो ते बघून घ्यायचा.

दोन भाषांच्या मध्ये तिसरी येते हे आपल्या भागाला नवीन नाही, हे जाता जाता सांगते. कन्नडचा गाजलेला मोठा कोश फर्डिनंड किटेल यांनी केला, १८९४ साली तो छापला गेला, त्यात सत्तर हजारांच्या आसपास शब्द. किटेल जर्मन होते, धारवाड भागातही राहिले होते, आणि त्यांनी कन्नडचे अर्थ दिले ते इंग्रजीत. जर्मन माणूस कन्नड शिकला आणि कोश केला इंग्रजीतून. तुला त्याच रस्त्यानं उलट दिशेला जायचंय, तर मधली इंग्रजी थोडी अडचण करणारच.

आता कन्नडबद्दलच. ‘मला भाषा जमत नाही’ असं तू लिहिलंस आणि त्याच पत्रात पुढं हेही लिहिलंस की वॉर्डात बैलहोंगल, गोकाक, सौंदत्तीकडचे पेशंट असतात आणि त्यांच्याशी तूच बोलतेस. शाळेतली कन्नड परीक्षेपुरती होती असं म्हणतेस. मग ही वॉर्डातली कन्नड आली कुठून? ‘ऊट आतेनरी?’, जेवण झालं का, हे विचारायला तू कोश उघडला नव्हतास. पेशंटच्या बोलण्यातलं अर्धं निसटलं असेल, तरी दुखतंय कुठं ते पकडलंस आणि काम केलंस. निसटलेल्याची तेव्हा भीती वाटली नाही. जर्मन वाचताना तीच तू एक शब्द सुटला तर कासावीस होतेस. मला वाटतं शब्दावर बोट जातं ते पुष्कळदा अर्थासाठी नसतंच, ती बेचैनी घालवण्यासाठी असतं. परीक्षेची, क्लासची, व्हिसाची सगळी काळजी त्या एका शब्दावर येऊन बसते.

ही तुलना मी फार ताणणार नाही. वॉर्डात समोर माणसाचा चेहरा असतो, हात पोटाकडं जातो, शेजारी नातेवाईक असतो. छापील जर्मनला हातवारे नाहीत. म्हणून ‘कन्नड आली तशी जर्मनही आपोआप येईल’ असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस. पण काही शब्द सुटले तरी पुढं सरकायची सवय तुला आहे, ती बसमध्ये मोबाईल काढल्यावर का हरवते, याचा विचार कर.

आणि ती सवय तुला लागणारच आहे. ग्योटेच्या बी२ परीक्षेत वाचनाला ६५ मिनिटं असतात, पाच भाग असतात, शब्दकोशही चालत नाही आणि मोबाईलही. म्हणून वाचनाचे दोन प्रकार वेगळेच ठेव. एक बिनकोशाचं वाचन. खानापूरच्या वाटेवर मधे रेंज जाते अशी तक्रार केलीस ना, मग तोच पट्टा यासाठी ठेव. मजकूर आधी उघडून ठेवायचा आणि एका दमात शेवटपर्यंत जायचं. कोण, कुठं, काय झालं आणि का, एवढं मनात सांगता आलं तर झालं. जर्मनमध्ये प्रत्येक नाम मोठ्या अक्षरानं सुरू होतं, पहिल्या फेरीत नुसत्या त्या शब्दांवरून नजर फिरवलीस तरी बातमी कशाबद्दल आहे ते उमगतं.

दुसरं वाचन घरी, बसून, कोश घेऊन. तोच मजकूर पुन्हा. आता कोणते शब्द बघायचे? ज्याच्यामुळं मुख्य वाक्यच अडलंय तो. जो त्याच मजकुरात दोन-तीनदा आलाय तो. जो दवाखान्याच्या कामाचा आहे तो. बाकीचे सोड, महत्त्वाचे असतील तर पुन्हा भेटतील. कोश उघडण्याआधी पेन्सिलीनं आपला अंदाज लिही, मग पडताळ. आधी डोकं चालवून मग पाहिलेला अर्थ जास्त टिकतो, चुकलेला अंदाज तर चांगलाच लक्षात राहतो. मॅडमचा अंदाज आणि तुझा शब्दकोश यांचं भांडण इथं मिटतं.

वहीबद्दल थोडं परखड बोलते. शब्द आणि अर्थ अशा दोन रकान्यांची ती यादी बंद कर. सुट्या शब्दाला आठवायला धागा नसतो. दिवसाला पाच-सहाच शब्द घे, पण ज्या वाक्यात भेटला ते वाक्य पूर्ण उतरव आणि त्याच्याखाली त्याच शब्दाचं तुझ्या वॉर्डातलं एक वाक्य लिही. फोनवर हवं असेल तर अंकी नावाचं फुकट ॲप आहे, तू घातलेले शब्द ते विसरायच्या बेताला पुन्हा समोर आणतं. आयफोनवर मात्र त्याला पैसे पडतात. वही असो की ॲप, उद्या, चार दिवसांनी आणि पंधरा दिवसांनी ते वाक्य पुन्हा बघितलं गेलं पाहिजे. शेकडो शब्द उतरवून पान उलटलंस, म्हणून गेले.

दादाला एवढ्यात मोडीत काढू नकोस. एखाद्या संस्थेची सूचना, फॉर्म भरायची रीत, विमानतळावरची माहिती, तिथं जर्मन शिकणं हा हेतूच नसतो. अख्खं पान मराठीत करून घे आणि मोकळी हो. अभ्यासाच्या मजकुरावरही यंत्राचं भाषांतर चालेल, पण दुसरं वाचन संपल्यावर, ताळा करण्यापुरतं. आधीच मराठी वाचलंस तर नंतरच्या जर्मनमध्ये डोळे नुसते फिरतात आणि सगळं कळल्यासारखं वाटतं.

हे पत्र वाचणाऱ्यांत जर्मनवाले थोडे आणि इंग्रजीशी झगडणारे पुष्कळ असणार. उद्यमबागेतल्या कारखान्यात मशीनचं मॅन्युअल वाचणारा, स्पर्धा परीक्षेला इंग्रजी पेपर चाळणारी, निपाणीत दुकान सांभाळून ऑनलाइन कोर्स करणारा. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. इंग्रजी-मराठी कोशात अर्थ सापडूनही वाक्य लागत नसेल तर शिकणाऱ्यांसाठी केलेले इंग्रजी कोश ऑनलाइन फुकट आहेत. लाँगमनच्या १९७८च्या कोशानं सगळे अर्थ सुमारे दोन हजार सोप्या शब्दांतच सांगायची शिस्त पाळली, ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचेही तशाच धाटणीचे आहेत. एका शब्दाचा अर्थ बघताना दुसरा अडत नाही. आणि विकिपीडियाची ‘सिंपल इंग्लिश’ आवृत्ती आहे, एखादा विषय आधी तिथं वाचून मग मोठ्या लेखाकडं गेलं तर निम्मे शब्द ओळखीचे होऊन भेटतात. जर्मनच्या तुटणाऱ्या क्रियापदांसारखी इंग्रजीतही ‘पुट ऑफ’, ‘गिव्ह अप’ अशी जोडपी आहेत, त्यांना सुटं करून कोशात शोधू नये.

एका ठिकाणी मात्र मी आतापर्यंत सांगितलेलं सगळं बाजूला ठेवायचं. नोकरीचं करारपत्र, एजंटाशी झालेला लेखी व्यवहार, तिथल्या घरभाड्याचा कागद. तिथं अंदाज नको, एक शब्दही सोडायचा नाही, आणि फोनच्या भाषांतरावर सही तर मुळीच करायची नाही. कामाचे तास, पगार हातात किती, परीक्षा नापास झाली किंवा काम मधेच सोडलं तर कोणते पैसे परत मागतील, ही कलमं जर्मन जाणणाऱ्या आणि त्या एजंटाशी काही देणंघेणं नसलेल्या माणसाकडून समजून घे. तुझ्या मॅडमनाच विचार, नाहीतर आधी तिकडं गेलेल्या एखाद्या सिस्टरला गाठ. सही उद्याच हवी अशी घाई कुणी केली तर दादाला घेऊन जा आणि कागद घरी वाचायला माग.

तुझी,
अक्का